कोकण किनाऱ्याच्या परिसंस्थांवरील अनुभवप्रधान प्रदर्शनाची आखणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत एखादी शाळा, नगरपरिषद, स्थानिक संग्रहालय किंवा निसर्गप्रेमी मंडळ किनाऱ्याच्या निसर्गावर कायमस्वरूपी दालन उभारायचे ठरवते, तेव्हा काही प्रश्न हमखास पुढे येतात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे सर्वमान्य संग्रहालयशास्त्राची आहेत, तर काही आमची स्वतःची ठाम मते आहेत, आणि ती तशीच मांडली आहेत.

अनुभवप्रधान प्रदर्शन म्हणजे नेमके काय?

ज्या प्रदर्शनात पाहणारा काचेबाहेर न राहता दृश्याच्या आत उभा असतो आणि प्रकाश, आवाज, पायाखालच्या जमिनीचा चढउतार यांतून त्याला त्या जागेची जाण होते, ते अनुभवप्रधान प्रदर्शन. ही कल्पना संगणकाबरोबर आलेली नाही. कार्ल एकली यांनी १८९० च्या सुमारास मिलवॉकीच्या संग्रहालयासाठी मस्करॅट या पाणथळीतल्या प्राण्याचे त्याच्या घरट्यासह आणि पाण्याखालच्या बिळासह दृश्य तयार केले. प्राणी एकटा न दाखवता त्याच्या अधिवासासह दाखवण्याची डायोरामाची पद्धत त्यानंतर जगभर रुजली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातील निसर्गविज्ञान विभागही बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या साहाय्याने याच परंपरेत उभा राहिला. आखणीचे काम हाती घेणाऱ्या प्रत्येकाने तो विभाग सावकाश पाहावा. रंगवलेली पार्श्वभूमी, वाकवलेली भिंत आणि बेताचा प्रकाश एवढ्यांतून किती साधता येते, हे तिथे समजते.

समुद्र दारात असताना प्रदर्शनाची गरज काय?

हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर सापडल्याशिवाय कामाला लागू नये. किनारा दारात असला तरी त्याचा फार थोडा भाग आपल्याला दिसतो. कालवांचा, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांचा, खडक ओहोटीला उघडा पडतो, पण कालवे जिवंतपणाने वागतात ती भरतीला, पाण्याखाली. चिखलाच्या आतली बिळे, मध्यरात्री पुळणीवर चढणारी कासवीण, खोल पाण्यातले प्रवाळ आणि पावसाळ्यातला खवळलेला समुद्र हे सारे मे महिन्यात दुपारी किनाऱ्यावर फिरणाऱ्याच्या नजरेआड राहते. दालनाने नेमके हे नजरेआड राहणारे दाखवावे. जे बाहेर शंभर पावलांवर सहज दिसते, त्याची प्रतिकृती करण्यात पैसा घालू नये. पाहणारा बाहेर पडल्यावर किनाऱ्याकडे गेला, ओहोटीची वेळ विचारू लागला आणि खडकाजवळ वाकून पाहू लागला, तर दालनाचे काम झाले.

कोणकोणत्या परिसंस्था घ्याव्यात?

कोकणच्या किनाऱ्याला खडकाळ किनारा, वाळूची पुळण, खाडी, कांदळवन, चिखलाची मैदाने, खाजणे, किनाऱ्यालगतचे जांभ्याचे सडे, म्हणजे सपाट कातळपठारे, आणि पाण्याखालचे प्रवाळ अशी अनेक रूपे आहेत. साऱ्यांना सारखी जागा देण्याचा मोह टाळावा. दालन ज्या तालुक्यात आहे तिथे जे ठळक असेल त्याला अर्धी जागा द्यावी आणि बाकीचे त्याच्याशी कसे जोडलेले आहे तेवढे दाखवावे. मालवणात खडक आणि प्रवाळ, दाभोळ किंवा जयगड परिसरात खाडी, श्रीवर्धन-दिवेआगरकडे पुळण, ठाणे खाडीच्या काठी चिखलाचे मैदान आणि रोहित पक्षी असा कल राहील.

सड्याला मात्र कुठेही वगळू नये. पावसाचे पाणी सड्यावरून जांभ्यात मुरते, पायथ्याच्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळते आणि पुढे खाडीत उतरते. खाडीचे मचूळ पाणी कुठून येते हे सड्याशिवाय सांगता येत नाही, आणि सडा म्हणजे पडीक कातळ हा गैरसमज तोडण्याची ती चांगली जागा आहे.

एवढ्या विविध गोष्टींना बांधणारा धागा कोणता असावा?

आमच्या मते धागा एकच आहे, आणि तो भरती-ओहोटीचा. कोकणात साधारण २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. पुनवेला आणि अवसेला उधाण येते, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे सर्वांत कमी चढउताराची, भरती असते. मुंबईच्या बाजूला उधाणाला पाणी चार-पाच मीटरने वरखाली होते, तर मालवणकडे हा फरक साधारण निम्म्यावर येतो. कोणता जीव कुठे राहील, केव्हा खाईल, केव्हा दार मिटून बसेल, कोळी होडी केव्हा काढील, बायका कालवे काढायला केव्हा निघतील, हे सारे या चढउतारावर ठरते. म्हणून परिसंस्थांची दालने वेगवेगळी असली तरी त्या सर्वांत एकच भरती एकाच वेळी चढावी आणि उतरावी, अशी रचना आम्ही सुचवतो.

प्रत्यक्षात एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे साडेबारा तास जातात. दालनात हे चक्र पंचवीस मिनिटांत, म्हणजे साधारण तीसपट वेगाने फिरवावे. सर्व दालनांतील दिवे, ध्वनी आणि भिंतीवरची पाण्याची रेषा एकाच नियंत्रकाला जोडावी. घाईने चालणाऱ्याला प्रत्येक दालनात या चक्राचा एखादाच क्षण दिसेल. जो एका जागी थांबेल त्याला पूर्ण चक्र दिसेल. थांबण्याचे बक्षीस रचनेतच असले की फलकावर सूचना लिहावी लागत नाही. लागोपाठच्या दोन चक्रांतील एक दिवसाचे आणि एक रात्रीचे करावे, कारण रात्रीचा किनारा निराळाच असतो.

प्रवेशापाशी एक मोठा फळा ठेवून त्यावर आजची तिथी आणि आजच्या भरतीची वेळ रोज हाताने लिहावी. तिथीला पाऊणपट केले की भरतीची साधारण वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो: पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. मुलांना हा हिशेब करू द्यावा आणि शेजारी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकातील वेळ लावावी. दोन्ही वेळांत थोडा फरक का पडतो, यावर चांगली चर्चा होते.

खडकाळ किनाऱ्याच्या दालनात काय दाखवावे?

एक उभा खडक आणि त्यावरचे पट्टे. सर्वांत वर, जिथे केवळ उधाणाचे तुषार पोहोचतात, तिथे बारीक गोगलगायी फटींत दाटीने बसलेल्या असतात. त्याखाली बार्नेकल, म्हणजे खडकाला कायमचे चिकटलेले बारीक कवचधारी जीव, मग कालवे, आणि अगदी खाली, जिथून पाणी क्वचितच हटते, तिथे समुद्रशैवाल, स्पंज आणि समुद्रफुले. जीव किती वर राहू शकतो हे बहुतांशी ऊन आणि कोरडेपणा ठरवतात. तो किती खाली पसरू शकतो हे बहुतांशी भक्षक आणि जागेसाठीची चढाओढ ठरवतात. किनारी परिसंस्थाशास्त्राचा हा एक पायाभूत नियम आहे आणि तो एका खडकावर दाखवता येतो.

भरती चढली की बार्नेकल झाकण उघडून आपले पिसासारखे पाय बाहेर काढतो आणि पाण्यातले अन्नकण ओढून घेतो. याची मोठी, हलणारी प्रतिकृती करावी. खडकाला चिकटलेला पांढरा खडा म्हणून ज्याच्यावर लोक पाय देत आले, तो जिवंत आहे हे कळल्यावर त्यांचे पाऊल जपून पडते.

कांदळवन कसे उभे करावे?

या दालनावर सर्वांत जास्त विचार खर्च करावा, कारण कांदळवन हे बाहेर सर्वांत जास्त दिसणारे आणि सर्वांत कमी समजलेले दृश्य आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पाहणाऱ्याची उंची बदलावी. वाट हळूहळू खाली न्यावी, म्हणजे चिखलाची पातळी त्याच्या छातीपर्यंत येईल आणि निवट्या त्याच्या डोळ्यांसमोर येईल. निवट्या हा मासा असून ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेतो, म्हणून तो ओहोटीला चिखलावर उड्या मारत हिंडू शकतो. वाट आणखी खाली गेली की चिखलाचा उभा छेद दिसावा: वरचा तपकिरी थर, खालचा प्राणवायूविना काळा पडलेला थर, त्यातून गेलेली खेकड्यांची बिळे आणि त्या बिळांतून आत उतरणारे पाणी. तिवराची मुळे श्वासासाठी चिखलातून वर का येतात, हे या छेदासमोर उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे झाडांतला फरक. तिवर, कांदळ, चिपी, हुरा ही वेगवेगळी झाडे आहेत आणि खाऱ्या पाण्याशी त्यांनी वेगवेगळ्या रीतींनी जुळवून घेतले आहे. तिवराच्या पानावर मीठ जमते; कांदळाच्या कमानीसारख्या आधारमुळ्या त्याला मऊ चिखलात तोलून धरतात आणि त्याचे बी झाडावर असतानाच रुजून लांब शेंगेसारखे लोंबते. पांढरी चिपी, म्हणजे सोनेरेशिया अल्बा, हिला महाराष्ट्राने २०२० साली राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला. तिची फुले रात्री उमलतात, म्हणून ती दालनाच्या रात्रीच्या चक्रातच उमलावीत.

महाराष्ट्र शासनाने २०१२ साली स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला, आणि ऐरोली येथे ठाणे खाडीच्या काठी किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. आखणीपूर्वी तेथे एक दिवस घालवणे उपयोगी ठरते.

वाळूच्या पुळणीत दाखवण्यासारखे काय असते?

वरवर पाहता काही नाही, आणि तीच अडचण आहे. वाळूतला बुडबुडा खेकडा ओहोटीला वाळू तोंडातून गाळून बारीक गोळ्यांची नक्षी घालतो, आणि पुढच्या भरतीला ती पुसली जाते. जमिनीवर प्रकाशाने ही नक्षी उमटवावी आणि चढत्या पाण्याने पुसावी. वाळूच्या टेकड्यांवर मर्यादवेल दाखवावी, कारण वाळू धरून ठेवण्याचे काम ती करते. सुरूचे बन दाखवायचे असेल तर ते लावलेले आहे, मूळचे नाही, हे स्पष्ट लिहावे. पर्यटकांच्या छायाचित्रांत सुरू इतके असते की तेच कोकणचे मूळ झाड वाटू लागले आहे.

कासवांचा विषय कसा हाताळावा?

संयमाने. वेळास, आंजर्ले, गुहागर येथील ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी आता सर्वांना माहीत आहेत. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली संवर्धनाचे काम सुरू केले आणि नंतर वन विभाग व गावकरी यांच्या साथीने ते अनेक गावांत पसरले. पिल्ले समुद्राकडे धावतात ते दृश्य मनोहर आहे, पण तेवढेच दाखवले तर दालन पर्यटनाच्या जाहिरातीसारखे होईल.

त्याऐवजी घरट्याचा आतला भाग दाखवावा. एका घरट्यात सुमारे शंभर अंडी असतात आणि ती उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात. यासाठी दोन तापमानांच्या, हात ठेवून अनुभवता येतील अशा वाळूच्या पेट्या ठेवाव्यात. पिल्ले उजळ क्षितिजाच्या दिशेने चालतात, म्हणून दालनाच्या एका बाजूला हॉटेलच्या दिव्याचे बटण ठेवावे आणि ते दाबल्यावर जमिनीवरच्या प्रकाशातली पिल्ले उलट्या दिशेला वळावीत. आम्हांला हे दृश्य संपूर्ण प्रदर्शनातले सर्वांत परिणामकारक वाटते, कारण त्यात पाहणाऱ्याच्या हातून काहीतरी घडते. २०२२ च्या जानेवारीत वेळासला उपग्रह-खूण लावलेल्या ‘प्रथमा’ या कासविणीसारख्या कासवांच्या प्रवासाचा नकाशा शेजारी लावता येईल.

पाण्याखालचे दालन निळे असावे का?

नसावे, निदान सुरुवातीला तरी नसावे. किनाऱ्यालगतचे कोकणातले पाणी गढूळ आणि हिरवट असते. खाड्यांतला गाळ आणि सूक्ष्म वनस्पती त्यात मिसळलेल्या असतात आणि पुष्कळदा हाताच्या अंतरापलीकडचे दिसत नाही. हीच या समुद्राची श्रीमंती आहे, कारण त्या गढूळपणात अन्न असते आणि बांगडा, तारली, कोळंबी त्यावर पोसतात. परदेशी चित्रफितींतला काचेसारखा निळा समुद्र इथे चिकटवला, तर मुले घराजवळच्या पाण्याला घाण समजू लागतात.

हिरवट अंधारातून सुरुवात करून पुढे मालवणच्या प्रवाळांकडे यावे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. त्यानंतर, जागा असेल तर, विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर समुद्रात बुडालेल्या आंग्रिया बँकेच्या पठारापर्यंत जावे. तिथे पाणी खरोखर निळे आहे, आणि तोपर्यंत त्या निळ्याचे मोल पाहणाऱ्याला कळलेले असते.

ध्वनी किती महत्त्वाचा आहे?

चित्रापेक्षा अधिक. पार्श्वसंगीत लावू नये, आणि गाजेचा तोच तो तुकडा दिवसभर फिरवू नये. दालनात काम करणारी माणसे त्याने कंटाळतात आणि पाहणाऱ्यांना तो ऐकू येईनासा होतो. प्रत्येक जागेचा स्वतःचा आवाज प्रत्यक्ष जाऊन नोंदवावा: ओहोटीला चिखलातून सुटणारे बुडबुडे, काकणाची, म्हणजे पांढऱ्या पोटाच्या सागरी गरुडाची हाक, सुरूतला वारा. पाण्याखाली हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला आवाज टिपणारे यंत्र, सोडला की टिचकी कोळंबीचा अखंड तडतडाट ऐकू येतो. ढोमा आणि घोळ यांच्या कुळातले मासे वाताशयाजवळचे, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीजवळचे, स्नायू हलवून ढोल वाजवल्यासारखा आवाज काढतात. गढूळ पाण्यात डोळ्यांपेक्षा कान का उपयोगी पडतात, हे हिरवट अंधारात उभे राहून ऐकताना पटते.

वेंगुर्ला रॉक्स या समुद्रातल्या खडकाळ बेटांवरील गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. तिथे पर्यटकांना नेणे योग्य नाही, पण गुहेचा आवाज दालनात आणता येतो. घरट्यांच्या नेमक्या जागा मात्र नकाशावर दाखवू नयेत, कारण या घरट्यांची चोरी होत आलेली आहे.

वास वापरावा का?

एकाच ठिकाणी, आणि तोही झाकण उघडून घ्यायचा असावा. चिखलाच्या काळ्या थराचा गंधकाचा वास त्या छेदापाशी ठेवावा. सुकत टाकलेल्या मासळीचा वास कुणाला घराची आठवण देतो, तर कुणाला असह्य होतो. तो संपूर्ण दालनात सोडू नये.

खरे शंख, प्रवाळ आणि प्राण्यांचे नमुने ठेवता येतात का?

सरसकट नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींत खडक बांधणारे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या, देवमासा, व्हेल शार्क, करवत मासा, समुद्री कासवे आणि अनेक शंख-शिंपल्यांच्या जाती आहेत. हे नमुने गोळा करणे, बाळगणे, विकत घेणे किंवा भेट म्हणून स्वीकारणे कायद्याच्या कक्षेत येते. एखाद्या घरात आजोबांच्या काळापासून असलेला प्रवाळाचा तुकडा कोणी प्रेमाने आणून दिला, तरी तो स्वीकारण्यापूर्वी वन विभागाला लेखी विचारावे. किनाऱ्यावर मृत देवमासा लागला आणि सांगाडा जतन करावासा वाटला, तर तो निर्णयही वन विभागाचाच आहे.

नमुने पाहायचेच असतील तर रत्नागिरीच्या झाडगाव येथे कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आणि तेथील मत्स्यालय व संग्रहालय आहे. जुन्या संस्थांशी सहकार्य करून नमुने उसने घेणे हे नवे नमुने जमवण्यापेक्षा केव्हाही चांगले. द्रवात ठेवलेल्या नमुन्यांचा रंग उडतो आणि मद्यार्क ज्वालाग्राही असतो, त्यामुळे अशा बरण्या थोड्या, वायुवीजन असलेल्या जागी आणि अग्निशमनाची सोय करूनच ठेवाव्यात.

मुलांना हात लावता येईल असे जिवंत प्राण्यांचे तळे ठेवावे का?

ठेवू नये. पाण्याचे तापमान, खारटपणा आणि स्वच्छता चोवीस तास सांभाळणारा प्रशिक्षित माणूस कायम असल्याशिवाय हे प्राणी मरतात, आणि मग ते पुन्हा किनाऱ्यावरून आणले जातात. ओहोटीच्या वेळी मार्गदर्शकासह मुलांना खडकावर नेणे अधिक सोपे आणि अधिक प्रामाणिक आहे.

मग प्रतिकृती कोणी कराव्यात?

कोकणातच कराव्यात. पेणच्या मूर्तिकारांचा शाडूवरचा हात, सावंतवाडीच्या लाकडी कामाच्या कारागिरांची रंगांची जाण आणि होडी बांधणाऱ्या सुतारांचे वळणांचे ज्ञान या कामाला नेमके लागते. खेकड्याचा आंगडा, म्हणजे नांगी, कोणत्या सांध्यात कसा वळतो हे जीवशास्त्राच्या अभ्यासकाने सांगावे आणि कारागिराने घडवावे. दोघांनी एकत्र ओहोटीला जाऊन जिवंत प्राणी पाहिलेला असावा, छायाचित्रावरून काम करू नये. प्रथम मातीत नमुना, मग सिलिकॉनचा साचा, मग रेझिनची प्रत, अशी साधारण रीत आहे. ज्यांना लोक हात लावणार त्या प्रती वेगळ्या आणि भक्कम कराव्यात, आणि साचे जपून ठेवावेत.

मासेमारी करणाऱ्या समाजांचा सहभाग कसा असावा?

उद्घाटनाच्या दिवशी सत्कारापुरता नसावा. कोळी, गाबीत, खारवी, भंडारी, दालदी या समाजांचे समुद्राचे ज्ञान हे या प्रदर्शनातील शास्त्रीय मजकुराइतकेच मूळ साधन आहे. वारा कोणत्या दिशेने फिरला की कोणती मासळी लागते, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांब जाळे, ओढायला पाणी कसे असावे, पिशवीसारखे डोल जाळे प्रवाहात कसे धरते, हे त्यांच्याच आवाजात ऐकवावे. ध्वनिमुद्रणापूर्वी संमती घ्यावी, मानधन द्यावे, नाव हवे की नको ते विचारावे आणि अंतिम मुद्रण त्यांना ऐकवूनच वापरावे. मासे सापडण्याच्या गुप्त जागा कोणी विश्वासाने सांगितल्या, तर त्या नकाशावर येऊ नयेत.

मतभेदही दाखवावेत. सागरी अभयारण्याबाबत मालवणच्या मच्छीमारांच्या शंका होत्या. माशांच्या थव्याला वेढून आवळल्या जाणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवरून पारंपरिक आणि यांत्रिक मासेमारीत संघर्ष आहे. हे झाकून गोड चित्र रंगवले, तर गावातली माणसे एकदा येतील आणि पुन्हा येणार नाहीत. पावसाळ्यातील मासेमारी बंदी, जी महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै अशी राहत आली आहे, ती नारळी पौर्णिमेपूर्वी समुद्रात न जाण्याच्या रूढीच्या शेजारी मांडावी.

कातळशिल्पांना यात स्थान आहे का?

निश्चित आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या सड्यांवर कोरलेल्या आकृत्यांत मासे आणि समुद्रजीव आहेत. कशेळीच्या सड्यावरील विशाल हत्तीच्या आकृतीत जमिनीवरचे प्राणी आणि जलचर एकत्र कोरलेले आहेत. ही शिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली. या किनाऱ्याचे जीव माणसाने फार पूर्वी निरखून पाहिले होते, याचा हा पुरावा आहे. त्यांचा अर्थ काय यावर मात्र ठाम विधाने फलकावर लिहू नयेत.

आभासी वास्तवाचे चष्मे आणि मोठे पडदे घ्यावेत का?

चष्म्यातून एकालाच दिसते आणि बाकीचे रांगेत राहतात. कोकणात दालन पाहायला कुटुंबे येतात, गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी घरच्यांना घेऊन येतात, शाळांच्या सहली येतात. या सर्वांनी एकमेकांना बोटाने दाखवत पाहावे असे माध्यम हवे. भिंतीवर आणि जमिनीवर टाकलेला प्रकाश त्यासाठी चांगला आहे. खर्च करायचाच असेल तर तो चांगल्या ध्वनियंत्रणेवर आणि प्रकाशयोजनेवर करावा.

फलकांवरचा मजकूर कसा असावा?

थोडका आणि मोठ्या अक्षरांत. एका फलकावर साठ-सत्तर शब्दांहून अधिक मजकूर नसावा. देवनागरीत वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरे यांमुळे दोन ओळींमध्ये रोमन लिपीपेक्षा अधिक अंतर लागते. हे मुद्रकाला आधीच सांगावे आणि खऱ्या आकाराचा नमुना दालनाच्या खऱ्या प्रकाशात वाचून पाहावा. माशांची आणि शिंपल्यांची नावे तालुक्यागणिक बदलतात, म्हणून स्थानिक नाव मोठे, शास्त्रीय नाव लहान आणि इतर भागांतील नावे त्याखाली द्यावीत.

इमारत समुद्राकाठीच हवी का?

नको. किनारी नियमन क्षेत्राचे नियम तिथे लागू होतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवावा लागतो. परिसंस्थेवर प्रदर्शन उभारण्यासाठी त्याच परिसंस्थेवर बांधकाम करणे शोभत नाही. गावातली बंद पडलेली शाळा किंवा जुने कौलारू गोदाम दुरुस्त करून घ्यावे.

दमट हवा, खारे वारे, वादळे आणि वीज यांचे काय?

बहुतेक दालने येथेच हरतात. पावसाळ्यात कोकणात हवेतील आर्द्रता आठवड्यांमागून आठवडे ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. कागद फुगतो, प्लायवूडचे थर सुटतात, भरलेल्या नमुन्यांवर बुरशी चढते, भिंगांवर डाग पडतात. संपूर्ण दालन दिवसा वातानुकूलित करून रात्री बंद करण्याची पद्धत तर आणखी वाईट, कारण रोजच्या चढउताराने वस्तू अधिक लवकर खराब होतात. त्यापेक्षा नाजूक वस्तू थोड्याच ठेवून त्या घट्ट बंद पेट्यांत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह ठेवाव्यात, पेट्यांत आर्द्रतामापक असावेत, आणि बाकी दालन कौलाखाली वाहत्या हवेवर चालेल असे आखावे.

खिळे, बिजागऱ्या, तारा यांसाठी साधे लोखंड वापरू नये. ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील महाग असले तरी तेच टिकते. लाकूड वापरायचे तर चारही कडा सीलबंद कराव्यात. प्रक्षेपकांच्या जाळ्या पावसाळ्यापूर्वी आणि नंतर स्वच्छ कराव्यात, विजेच्या दाबातील चढउतारापासून संरक्षण बसवावे आणि वीज गेल्यावरही दालन निरर्थक होणार नाही अशी रचना करावी. उघडझाप करता येणारी एक खिडकी, चिखलाचा छेद, खडकाची प्रतिकृती आणि स्पर्शाच्या वस्तू विजेविना काम करतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, आणि मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर गेले. दालनात वाचवायच्या वस्तूंची क्रमवार यादी, त्या उचलून नेण्याची जागा आणि जबाबदार व्यक्तींची नावे दर मे महिन्यात तपासावीत.

दिव्यांग आणि वृद्ध पाहुण्यांसाठी काय करावे?

उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा. कांदळवनाची खाली जाणारी वाट आखताना हे पहिल्या दिवसापासून धरावे, नंतर जोडता येत नाही. दृष्टिहीनांसाठी खडकाचे पट्टे, कांदळाची रुजलेली शेंग आणि निवट्या हाताने ओळखता येतील अशा प्रती आणि ब्रेल मजकूर ठेवावा. सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा लुकलुकणारा प्रकाश कोठेही नसावा. आठवड्यातून काही तास आवाज कमी आणि दिवे स्थिर ठेवावेत, कारण गोंगाटाचा त्रास होणारी मुलेही समुद्रावर प्रेम करतात.

थोड्या पैशांत सुरुवात कशी करावी?

एका खडकाने. पुठ्ठा, माती आणि हाताने लिहिलेले फलक घेऊन एकच पट्ट्यांचा खडक शाळेच्या वर्गात उभा करावा, भरतीची रेषा दोरीने वरखाली करावी आणि मुले कुठे थांबतात, काय विचारतात, काय चुकीचे समजतात ते बाजूला बसून लिहून घ्यावे. मुले बार्नेकलला खडा समजत राहिली तर आपली रचना बदलावी. ज्या दिवशी एखाद्या कोळीणबाईने तो खडक पाहून कालवांचा पट्टा चुकीच्या उंचीवर आहे असे सांगितले आणि आखणी करणाऱ्यांनी तो त्याच दिवशी खाली सरकवला, त्या दिवसापासून मोठ्या दालनाच्या अंदाजपत्रकाला हात घालावा.

उद्घाटनानंतर किती काम उरते?

बरेच. एकूण निधीचा एक भाग पुढील पाच वर्षांच्या देखभालीसाठी बाजूला काढून ठेवल्याशिवाय बांधकामाला सुरुवात करू नये. बंद पडलेला प्रक्षेपक आणि रंग उडालेला खेकडा हे दालन नसण्यापेक्षा वाईट असतात. प्रवेशापाशीच्या फळ्यावर भरतीची वेळ रोज लिहिण्यासाठी एक माणूस नेमावा. तोच माणूस सुट्टीच्या दिवशी, ओहोटीची वेळ पाहून, लोकांना खडकावर घेऊन जाईल.